'दुसरा चहा'ची डोलकाठी

सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६

चौथी चादर टाकून मी दोरीखाली काठी लावत होते, तेवढ्यात रेग मोजपट्टी घेऊन अंगणात आला. कोंबड्या सोडून झाल्या होत्या, शेगडीची राख गुलाबांना घालून झाली होती, लापशीचं करपलेलं भांडं भिजत पडलं होतं. गेल्या मे महिन्यातली अगदी साधी सकाळ. आज परत सोमवार, परत चादरी, म्हणून आठवली. गल्लीत सगळ्यांकडे आता छत्रीसारखी गोल फिरणारी वाळवणी आहेत. माझ्याकडे अजून सासूबाईंची सरळ दोरी आहे आणि तिला मधोमध उचलून धरणारी दुबेळक्याची काठी.

"हलू नकोस," रेग म्हणाला. "कोपर असंच ठेव."

"कशाला? शवपेटी करायला घेतोस का माझी?"

"धुण्याच्या खोलीत फळी मारतो. साबण ठेवायला."

त्याने जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत माप घेतलं. "नव्याण्णव. शंभराला एक कमी. तू कुठेच पुरी पडली नाहीस, मर्ल."

मी त्याच्या पाठीत ओला टॉवेल हाणला.

ऑगस्टमध्ये तो गेला. फळी झालीच नाही. साबण अजून खिडकीत ठेवते आणि दर सोमवारी तो बादलीत पडतो.

ही वही रेगने होडीच्या नोंदींसाठी आणली होती. पहिल्या पानावर 'होडी' एवढंच लिहिलंय. तेव्हा होडीचंच लिहिते. दुपारी मेलबर्नहून डॅरिलचा फोन आला.

"आई, एक दातांचा डॉक्टर आहे ओळखीचा. त्याला बाबांची होडी हवीय. ईस्टरला बघायला येईल."

"विकायचं कोण म्हणालं?"

"अगं, ती डोलकाठी आठ मीटर लांब आहे. उभी कोण करणार?"

"मी."

तो म्हणाला, "ईस्टरच्या शनिवारी, क्लबच्या आवारात, सगळ्यांसमोर, कुणी हात न लावता उभी करून दाखव. पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर डॉक्टरला द्यायची."

मी हो म्हणाले. त्याचंही चुकत नाही. बाप गेला, आता आईच्या डोक्यात काठी पडायला नको, एवढाच त्याचा हिशेब.

होडीचं नाव 'दुसरा चहा'. पहिला कप झाल्याशिवाय रेग बोलायचा नाही आणि दुसरा झाल्याशिवाय ऐकायचा नाही, त्यावरून. एकोणीस वर्षं ईस्टरच्या रविवारी आम्ही तिच्यातून मेंढ्यांच्या बेटावर गेलो. तिथे रस्ता नाही, फोन नाही, आता मेंढ्याही नाहीत. या वर्षी मला तिथे जायचंय. इथे जमिनीवर जो भेटतो तो मान वाकडी करून विचारतो, "कशी आहेस, मर्ल?" तिथे विचारायला कुणी नसतं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न. फसला.

होडी मागच्या अंगणात ट्रेलरवर आहे. डोलकाठी आडवी असताना होडीभर पसरलेली असते. बुंधा केबिनच्या छपरावर, तिथे बिजागरी. शेंडा मागे, सुकाणूच्याही पलीकडे डोकावतो. रेग मागून काठी खांद्यावर घ्यायचा आणि हात पुढे पुढे सरकवत, छपरावर चढत पुढे यायचा, की ती उभी. मग तो खांदा लावून तिला रेटून धरायचा आणि मी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, पळत जाऊन तिची पुढची तार अडकवायची. मधे एखादी तार कुठे गुंतली तर तो ओरडायचा, "मर्ल, कुठे अडकलं?" आणि मी सोडवायची. एवढंच माझं काम. एकोणीस वर्षं मी नुसती बघत होते म्हणा ना.

रेग सहा फूट दोन इंच. मी पाच फूट एक, आणि वय त्रेसष्ट. काठी खांद्यापर्यंत आली, कानापर्यंत आली आणि मग तिने ठरवलं की पुरे. ती शांतपणे खाली आली, मी तिच्याबरोबर. गुलाबांनी झेललं.

शिवाय विजार फाटली. रेगने गेल्या मे महिन्यात छपरावर, बुंध्याच्या डाव्या-उजव्या अंगाला, वीतभर उंचीचे दोन पोलादी कान बसवून ठेवलेत. प्रत्येकाला एक भोक. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला होता, टॉवेल वाळत घालायला. टॉवेल एकदाही घातला नाही, नडग्या मात्र दर वेळी सोलल्या जातात.

रविवार, १८ फेब्रुवारी

शेजारचा नेव्ह कुंपणावरून म्हणाला, "तू उगीच डोकं चालवतेयस, मर्ल. हे ताकदीचं काम आहे." तीस वर्षं दुधाचा ट्रक चालवला, त्यामुळे त्याला सगळंच ताकदीचं वाटतं.

मी म्हटलं, "कर बघू."

त्याने खरोखर उचलली. छपरावर चढला, लाल झाला, काठी उभी होत आली. मी बघत होते, कारण बघणं माझं काम, पण बोलायच्या आत झालं. ट्रेलरच्या दिव्यांची फळी आम्ही प्रवासात काठीच्या शेंड्याला बांधतो, नाहीतर पोलीस धरतात. ती सोडायची राहिली होती. तीही वर गेली. लाल दिवे, नंबरपाटी, वायर, सगळं आभाळात. वायर संपली तिथे काठी थांबली.

"मर्ल," नेव्ह वरून म्हणाला, "मला काही दिसत नाहीये. झाली का उभी?"

"झाली. आता तिला कायद्याने रस्त्यावर चालवता येईल."

तो हसायला लागला आणि हसताना माणसाच्या अंगात ताकद राहत नाही. फळीचे तीन तुकडे झाले. बाकी कुणाला काही लागलं नाही. मग आम्ही चहा घेतला. त्याला कळलं नाही, पण ऑगस्टनंतर मी पहिल्यांदा आवाज करून हसले.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

वाचनालयाची गाडी आली होती. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, तेव्हापासून जे येतं ते या गाडीतूनच. बाईंना म्हटलं, जड उंच वस्तू उभी करण्यावर काही आहे का. त्यांनी मला शरीर कमावण्याचं पुस्तक दिलं. परत केलं आणि जुन्या काळी दगडी खांब कसे उभारत त्यावरचं एक घेतलं. त्यात एका खांबामागे दोन हजार माणसं आहेत. मी एक आहे. तरी सगळं वाचलं. ते लोक ढकलत नाहीत, पुढून दोराने ओढतात, एवढं लक्षात आलं.

म्हणून दुपारी काठीच्या शेंड्याकडे दोर बांधला, नाळेवर नेला आणि ट्रेलरच्या पुढच्या, होडी वर ओढायच्या चाकयंत्राला गुंडाळून फिरवला. दोर ताठ झाला, होडी कण्हली, बिजागरी करकरली. काठी बोटभरही उचलली गेली नाही. दोर काठीच्याच अंगालगत झोपलेला होता आणि मी काठीला तिच्याच बुंध्यात ठोकत होते.

सोमवार, ४ मार्च

सापडलं. धुताना सापडलं.

दुसरी चादर टाकली आणि दोरी खाली आली. आली की मी काय करते? दोरी अजून ताणत बसत नाही. कितीही ताणली तरी ओली चादर मधे बसणारच. मी काठी लावते. काठीने दोरीचं पोट वर गेलं की सगळंच वर जातं.

हातात चिमटे घेऊन तशीच उभी राहिले. डोलकाठी आडवी पडलेली असताना तिच्या बुंध्याशी दुसरी एक काठी सरळ उभी करायची. दोर शेंड्याकडून त्या काठीच्या डोक्यावर आणायचा आणि तिथून नाळेकडे. मग ओढ वरून लागेल. घड्याळात तीन वाजले की काटे कसे काटकोनात असतात, तसं. दोन्ही काटे एकमेकांना बांधलेले, एक पुढे खाली ओढला की दुसरा मागून वर येतो.

दुसरी काठी म्हणून शिडाची खालची दांडीच घेतली. तिला कप्प्यांचा दोर आधीच जोडलेला असतो, चौपट हलकं ओढणारा. काम सोडून धावले. बाकीचं धुणं पाण्यातच राहिलं.

आज फक्त गुडघ्याएवढी उचलून बघितली. एका हाताने उचलली गेली.

शनिवार, ९ मार्च

अति झालं. पूर्ण उचलायला गेले.

अर्ध्यापर्यंत लोण्यासारखी आली. मग डावीकडे झुकली, थांबली, विचार केला आणि उजवीकडे निघाली. बाजूंचे तणावे बांधले होते मी, डेकवरच्या कड्यांना. पण आडवी असताना ताठ होते ते अर्ध्यावर येईपर्यंत सैल पडले. क्लबातून जेवून निघालेल्या माणसासारखी काठी डुलायला लागली आणि कुंपणापलीकडे नेव्हच्या टोमॅटोंवर जाऊन पडली.

नेव्ह बाहेर येऊन बघत राहिला. "सॉसची सोय झाली," तो म्हणाला.

"मी भरून देते."

"टोमॅटोंचं सोड. ती तुझ्या अंगावर पडली असती म्हणजे?"

मी दोर गोळा करायला लागले. कान लागून दुसरीही विजार फाटली होती, ते त्याने बघितलं. "निदान हे कान तरी कापून टाकू. एकविसाला करवत घेऊन येतो. पातं मेव्हण्याकडे आहे."

मी म्हटलं, ये.

बुधवार, १३ मार्च

होडीकडे गेले नाही. खूप वारा. तळ्यावर काळे हंस सगळे एका बाजूला तोंड करून बसलेत.

रेगचा कोट काढून परत ठेवला. खिशात सुताराची पेन्सिल होती, टोक केलेली. तिचं काय करायचं कळेना, म्हणून कोटातच ठेवली. डॅरिलला फोन करून सांगावं का, घेऊन जा होडी, असं दोनदा वाटलं. दुसऱ्यांदा तर नंबरही फिरवला. त्याच्या बायकोने उचलला, मी पावाची कृती विचारली.

बुधवार, २० मार्च

सकाळी मासळीच्या आमिषाचं दुकान चालवणारी डॉट आली. बारमाही गमबूट घालणारी बाई. वर्तमानपत्रात बोईचे दोन मासे आणले होते.

"ऐकलं तुझ्या काठीचं," ती म्हणाली. "गावात पैजा लागल्यात. मी तुझ्यावर लावलीय. हरलीस तर हे मासे परत नेईन."

जाताना तिने पुढचं फाटक ढकललं, ते अर्ध्यावर अडलं. हे फाटक नाताळात डॅरिलने बसवलंय. बंद असताना बरं दिसतं, उघडून टेकलं की बरं दिसतं, मधे मात्र जमीन खरवडतं. "मागचं फाटक कसं करंगळीने उघडतं," डॉट म्हणाली.

"ते रेगचं आहे."

ती गेल्यावर मी दोन्ही फाटकं उघडझाप करत बसले. रेगच्या फाटकाच्या बिजागऱ्या एकाखाली एक, एका रेषेत. डॅरिलची खालची दोन बोटं बाहेर. एवढंच. फिरणारी वस्तू ज्या रेषेवर फिरते त्या रेषेवर सगळे सांधे हवेत. एखादा बाहेर गेला की मधे ताण नाहीतर ढील येणारच.

माझे तणावे डेकवर बांधलेले होते. काठीची बिजागरी डेकपेक्षा पुष्कळ वर, छपरावर. म्हणजे मी डॅरिलचं फाटक बांधलं होतं.

सुतळी घेतली, बिजागरीच्या खिळ्याला टेकवली आणि त्याच उंचीवर दोन्हीकडे सरळ ताणली, तणाव्यांची टोकं कुठे यायला हवीत ते बघायला. सुतळी डावीकडच्या कानाच्या भोकातून गेली. उजवीकडच्याही.

मी सुतळी दोन्ही भोकांतून परत एकदा ओढून बघितली.

मग कुंपणाशी जाऊन ओरडले, "नेव्ह, उद्या करवत आणू नकोस."

"नवीन पातं आणलंय मी, मर्ल."

"मग टोमॅटो काप."

म्हणजे रेगला हे सगळं ठाऊक होतं. गुडघे दुखत होते त्याचे, जिना चढताना मे महिन्यात दोनदा थांबला होता. स्वतःसाठी सोय करून ठेवत होता आणि मला कळू द्यायचं नव्हतं की आता खांद्यावर काठी झेपत नाही. म्हणून टॉवेल. बढाईखोर माणूस.

रविवार, २४ मार्च

तीनदा वर केली, तीनदा खाली आणली. तणावे कानांना बांधलेले, दांडीलाही दोन्हीकडून तिथेच ओढून धरलेलं. आता काठी ना डावीकडे जाते ना उजवीकडे, देवळाच्या दारासारखी सरळ येते. नेव्ह टोमॅटोंपुढे पत्रा धरून उभा होता. तिसऱ्यांदा त्याने पत्रा ठेवून दिला.

दोराचं शेवटचं टोक मी छपरावरून मागे आणलंय, बसायच्या खळग्यात उभं राहून ओढता यावं म्हणून. तिथे छपराच्या कडेला रेगने कानांबरोबरच लाकडी ठोकळ्यावर एक दातेरी खुंटी लावलेली आहे. दोर ओढला की घेते, सोडला की दातांत धरून ठेवते. तेव्हापासून मी तिच्यात भांडी पुसायचं फडकं अडकवत होते. तीही याच कामाची होती तर.

पण इथे रेग चुकला. खुंटी फार खाली बसवलीय. सहा फूट दोन इंचाच्या माणसाला कमरेत वाकून दोर ओढावा लागला असता. मला बरोबर पडते, हात नुसता मागे नेला की झालं, पण ते माझं नशीब. सुतार असून असं माप. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून मी त्याला सांगत होते.

शनिवार, ६ एप्रिल

सकाळी सातला नेव्हने आपल्या गाडीने ट्रेलर क्लबच्या आवारात नेऊन दिला. चौदा होड्या आल्या होत्या. आमच्या क्लबात रीत आहे की मालकाने मागितल्याशिवाय दुसऱ्याच्या काठीला हात लावायचा नाही. मोह टाळायला पुरुष लोक हात खिशात घालून उभे राहतात. ज्याने मदत मागितली त्याने सगळ्यांना केक द्यायचा. मी काल ईस्टरचे, वर क्रॉस काढलेले तीन डझन बन भाजले होते. डॉट म्हणाली, "हरायची तयारी दिसतेय."

"जिंकले तरी खावंच लागतं," मी म्हटलं.

डॅरिल आला होता. बरोबर दातांचा डॉक्टर, लांबलचक तरुण मुलगा, स्वच्छ पांढरे बूट. त्याने नमस्कार केला, माझे हात हातात घेतले आणि म्हणाला, "मान वाकडी न करता सांगतो, सुंदर होडी आहे." डॅरिलने त्याला सांगून ठेवलं असणार. मला तो आवडला, ही पंचाईत.

आधी वर पाहिलं. रेगचं पहिलं काम तेच. विजेच्या तारा नाहीत. दिव्याच्या खांबावर एक पेलिकन, तो आमच्याकडे बघत होता. दिव्यांची फळी सोडली. नेव्हने मोठ्याने "सोडली" म्हणून जाहीर केलं आणि लोक हसले. दांडी उभी केली, तणावे कानांना, दोर मागे खुंटीत. मी खळग्यात उतरले, काठीच्या बाजूला उभी राहिले आणि ओढायला लागले.

ती उठली. दोराचा आवाज तेवढा येत होता. अर्धी झाली, डुलली नाही. अर्ध्याच्या पुढे गेली. मला वाटलं, झालं. आणि ती थांबली.

ओढलं, येईना. जोर लावला तर सगळी होडी कुरकुरली. अंगणात हे एकदाही झालं नव्हतं. वीस-पंचवीस जणांचे हात खिशातल्या खिशात वळवळायला लागले.

"आई," डॅरिल म्हणाला, "हात लावू का?" तो पांढरा पडला होता. काठी माझ्या वर तिरपी उभी होती आणि त्याला ती पडतानाच दिसत असणार.

"खिशात," डॉट म्हणाली.

"डॉटमावशी, ती पडेल."

"पडली की काढ बाहेर."

मला रेगचा आवाज ऐकू आला असं लिहिणार नाही, कारण नाही आला. पण तो इथे काय ओरडला असता ते माहीत होतं. कुठे अडकलं, मर्ल? आणि ते शोधणं तर माझं काम. एकोणीस वर्षांचा सराव आहे. अडचण एवढीच की तो खांदा लावून धरायचा तेव्हा मी शोधायची. आता धरणारीही मीच.

मग मी दोर सोडला. खुंटीने तो दातांत घट्ट धरला. काठी होती तिथे राहिली.

मागे कुणीतरी श्वास आत ओढल्याचं ऐकलं. मी खळग्यातून निघाले आणि डाव्या अंगाने सावकाश चालत गेले. घाई केली की दिसत नाही. तिसऱ्या पावलाला दिसलं. बाजूची तार केबिनच्या खिडकीच्या चौकटीखाली गुंतली होती, रस्त्यात हादरे बसून सरकली असणार. बोटाने उचलली. टंग आवाज करून ती सुटली. परत गेले, फडक्याला हात पुसले आणि दोर ओढला. आठ हात ओढल्यावर काठी उभी राहिली. दोर तसाच खुंटीत ठेवून नाळेवर गेले, पुढची तार अडकवली, पिन घातली.

पेलिकन उडाला. मग नेव्हने खिशातून हात काढून नाक शिंकरलं आणि म्हणाला, "मी टोमॅटोंपुढे पत्रा धरून उभा राहिलो नसतो तर तिला सराव झाला नसता." त्यानंतर सगळेच बोलायला लागले.

डॉक्टर पांढऱ्या बुटांनी ट्रेलरवर चढला. "होडी देणार नसाल तर निदान हे कसं केलंत ते तरी काढून द्या." मी बनच्या पिशवीवर त्याला चित्र काढून दिलं. धुण्याच्या काठीपासून सुरुवात केली. तो म्हणाला, अशी काठी त्याच्याकडे नाही, कपडे वाळवायचं यंत्र आहे. मला वाईट वाटलं त्याचं.

डॅरिलने मला जवळ घेतलं, बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाला, "मला एकदा करू दे." आम्ही काठी खाली घेतली आणि त्याने दोर ओढून परत वर नेली. बापाच्या उंचीवर गेलाय तो. काम होईपर्यंत पार दुमडला होता.

"ही खुंटी इतकी खाली कुणासाठी लावलीय? कंबर मोडली माझी."

"चुकला तुझा बाप. नजर गेली होती."

"बाबा?" डॅरिल पाठ चोळत म्हणाला. "चाळीस वर्षं जिने केले त्यांनी, आई. पायरी कधी कागदाएवढी चुकली नाही."

मी बन वाटायला गेले. तीन डझन पुरले नाहीत.

रविवार, ७ एप्रिल

होडी काल संध्याकाळीच पाण्यात सोडली होती; उजाडताच रेगची मोजपट्टी घेऊन धक्क्यावर गेले. बूट काढून होडीच्या खळग्यात उतरले आणि तळापासून खुंटीपर्यंत माप घेतलं. नव्याण्णव.

मग शीड चढवलं आणि मेंढ्यांच्या बेटावर गेले. वारा ईशान्येचा होता, चांगला. किनाऱ्यावर बसून थर्मासमधून चहा ओतला, प्यायले. मग दुसरा ओतला, तोही प्यायले.